वास ठीक आहे

माझ्या आत्याला दुकानात सगळे 'नाक' म्हणायचे. मागून नाही, तोंडावर. "नाकाला विचारा," "नाक आज रजेवर आहे," "नाक चिडलंय, जरा लांबच राहा." तिला ते आवडायचं. दुकान तिचं नव्हतं, ती तिथे नोकरीला होती. पण पंचवीस वर्षं त्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून तिने जो बिस्किट मसाला मिसळला, त्यावर आमच्या गावातली निम्मी घरं केक आणि बिस्किटं भाजत होती. दालचिनी, सुंठ, लवंग, जायफळ आणि निम्मं चक्रीफूल. ते आठ पाकळ्यांचं, वाळलेल्या चांदणीसारखं फळ. पिवळ्या पाकिटावर दुकानाचं नाव असायचं, आत्याचं नाही. लोक तो मसाला बिस्किटांत घालायचे आणि थंडीत गरम दुधातही ढवळून प्यायचे.

नव्या मालाचं पोतं आलं की मालक हाक मारायचे. मालकांना तपकिरीचं व्यसन, त्यांचं स्वतःचं नाक कधीच कामातून गेलं होतं. आत्या एप्रनला हात पुसत यायची, ओंजळभर माल घ्यायची, डोळे मिटायची आणि सांगायची, "ठीक आहे," नाहीतर, "परत पाठवा." त्यावर वाद नसायचा.

तिला दुसरा नाद होता जुन्या पाककृतींच्या पुस्तकांचा. रद्दीवाल्याकडून, कुणाच्या माळ्यावरून, कुणी गेलं की त्या घरातून, अशी तिने कपाटभर पुस्तकं जमवली होती. काका म्हणायचे, "हिच्या पुस्तकांपायी माझे शर्ट खुर्चीवर राहतात." त्या पुस्तकांतून तिला एक गोष्ट दिसली होती आणि एका लहानशा प्रकाशकाने तिला त्यावरच पुस्तक लिहायला सांगितलं होतं. मी तेव्हा शिकायला तिच्याकडे राहत होते. ती सांगायची आणि मी लिहून घ्यायचे.

तिला दिसलेली गोष्ट अशी. सगळ्यात जुन्या, कव्हर गेलेल्या पुस्तकात केकच्या कृतीत नुसतं लिहिलं होतं, 'मसाले बेताने घालावेत.' बेताने म्हणजे किती, ते लिहिणारीला माहीत आणि तिच्या मुलीला. तिसऱ्याने विचारायचं नाही. त्यानंतरच्या पुस्तकांत बोटभर दालचिनी, अर्धं जायफळ, सहा लवंगा असं यायला लागलं. शिवाय प्रत्येक मसाला कसा पारखायचा त्याची पानंच्या पानं. जायफळाला सुई टोचून बघा, तेल सुटलं तर चांगलं. लवंग नखाने दाबून बघा. मग चमचे आणि ग्रॅम आले, पारखायची पानं कमी झाली. आणि मग एका पिढीत सगळंच संपलं. कृतीत एकच ओळ उरली, 'बिस्किट मसाला, तीन चमचे.'

"इथून पुढे बायकांनी मसाला ओळखणं सोडलं," आत्या म्हणायची, "आणि माझी नोकरी सुरू झाली."

त्या वर्षी थंडीच्या शेवटाला तिला ताप आला. आठवडाभर अंथरुणात होती, मग उठली. दोन दिवसांनी मी बाहेरून आले तर जिन्यापर्यंत करपल्याचा वास. धावत स्वयंपाकघरात गेले. दूध उतू जाऊन, जळून, पातेलं काळं झालं होतं आणि आत्या शेगडीपासून हातभर अंतरावर उभी राहून पुस्तक वाचत होती.

"अगं आत्या, दूध!"

तिने पातेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसली. "वाचण्यात गुंग झाले बघ." पण गॅस बंद करून ती पातेल्यावर वाकली आणि खोल श्वास घेतला.

दुसऱ्या दिवशी मी तिला घरभर फिरताना पाहिलं. व्हिनेगरची बाटली उघडली, नाकाला लावली. कांदा चिरला. बुटाच्या पॉलिशची डबी उघडली. शेवटी लवंगांच्या बरणीत अख्खं तोंड घातलं आणि तशीच उभी राहिली, बराच वेळ.

डॉक्टर म्हणाले, तापाने असं होतं. सहा महिन्यांत परत येईल. किंवा येणार नाही.

"कुणाला बोलू नकोस," तिने मला बजावलं. "काकांनासुद्धा नाही."

"पण का?"

"नाकाला वास येत नाही म्हटल्यावर उरलं काय? एक म्हातारी आणि एक एप्रन."

मी गप्प बसले. ही माझी चूक, आणि मी ती कधी नाकारलेली नाही.

तिने काम निभावलं. वजनं तिला पाठ होती. भाजणीचा रंग डोळ्यांना कळत होता, चक्कीतून उतरलेल्या पुडीची ऊब हाताला कळत होती. पण ती बदलली. दुकानात कुणी मागून आलं तरी दचकायची. घरी दहा वेळा शेगडीची बटणं तपासायची. जेवताना मला हळूच विचारायची, "आमटी आंबलेली नाही ना?" एकदा तर तिने माझ्याकडून स्वतःच्या स्वेटरचा वास घेववला, घामाचा येतो का म्हणून. जिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालाला नाकं मुरडली, ती आता स्वतःच्या अंगाला भीत होती.

दोन महिने असे गेले. शाळांना सुट्ट्या लागणार होत्या. सुट्टीत घरोघरी पोरं बिस्किटांसाठी हटून बसतात, त्यामुळे मसाल्याला मागणी वाढते. नेमका तेव्हाच नेहमीच्या व्यापाऱ्याकडचा चक्रीफुलाचा माल संपला. मालकांनी एका नव्या माणसाकडून पोतं मागवलं.

"बाई, जरा येता का?" त्यांनी हाक मारली.

पुढचं मला आत्यानेच नंतर सांगितलं. तिने ओंजळ भरली. डोळे मिटले. नाकापाशी नेली. काहीच नाही, जणू हातात वाळलेल्या काटक्या आहेत. मालक वाट बघत होते, पोतं आणणारा माणूस टोपी काढून उभा होता.

"वास ठीक आहे," ती म्हणाली.

मसाला दळला गेला, मिसळला गेला. पाकिटं भरायला दोन बायका होत्या. त्यांतली एक म्हणाली, "या खेपेला जरा कापरासारखं वाटतंय हो."

"नाक तू आहेस की मी?" आत्या तिच्यावर खेकसली. ती बाई बिचारी मान खाली घालून पाकिटं भरत राहिली.

त्यानंतर चौथा दिवस, शनिवार. आत्याला दुपारनंतर कामावर जायचं होतं, म्हणून सकाळी आम्ही पुस्तकाचं लिखाण करत बसलो. चक्रीफुलाचं प्रकरण चाललं होतं. तिने एक जुनं पुस्तक उघडून माझ्यापुढे सरकवलं. "यातला पारखायचा उतारा जसाच्या तसा उतरव. मोठ्याने वाच, म्हणजे मलाही कळेल कुठवर आलीस."

मी वाचायला लागले. "'चक्रीफूल घेताना हुबेहूब त्यासारखेच दिसणारे दुसरे एक फळ असते, त्यापासून सावध असावे. ते आकाराने किंचित लहान, पाकळ्यांची टोके आकड्यासारखी वळलेली. ते विषारी आहे. खऱ्या फळास बडीशेपेचा वास येतो, खोट्यास येत नाही. डोळ्यांस फसगत होते. नाकाखालून घातल्यावाचून घेऊ नये.'"

मी पुढची ओळ उतरवायला घेतली. वर पाहिलं. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता.

"परत वाच," ती म्हणाली.

मी परत वाचलं.

"कापरासारखं," ती पुटपुटली. "ती म्हणाली होती, कापरासारखं." मग एकदम उठली. "चप्पल घाल. चल."

दुकान दहा मिनिटांवर. आत्या सगळी वाट जवळजवळ धावत होती आणि मी मागे. वाटेत ती एकदाच बोलली, "ठकूला मी स्वतः नेऊन दिलंय पाकीट. परवाच." ठकू म्हणजे तिची नात, चार वर्षांची. आत्याच्या मुलीची, म्हणजे माझ्या ताईची, एकुलती एक.

मागच्या खोलीत तिने पोत्यातून मूठभर फळं काढली, जुन्या बरणीच्या तळाशी उरलेली चार काढली आणि दोन्ही ढीग माझ्यापुढे ठेवले. "घे वास. आणि मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस."

जुन्याला बडीशेपेचा गोड वास होता. नव्याला नव्हता. थोडा वेलचीसारखा, थोडा औषधी, कापरासारखा. शेजारी ठेवल्यावर टोकंही दिसत होती, वळलेली, मांजराच्या नखांसारखी. सगळीच नाही, पण निम्मी तरी. दोन जातींची फळं एकाच पोत्यात मिसळलेली होती.

मी सांगितलं. ती खाली बसली नाही की रडली नाही. गल्ल्यावर गेली आणि मालकांपुढे उभी राहिली.

"मालक, मला वास येत नाही. अडीच महिने झाले."

मालकांना वाटलं ती थट्टा करतेय. "नाकाला वास येत नाही?"

"नाही येत. मी खोटं बोलले. या पोत्यात विषारी फळ मिसळलंय. किती पाकिटं गेली?"

मालक उठून उभे राहिले. "हळू बोला बाई, गिऱ्हाईक आहे. खात्री आहे का तुमची? आधी तपासून घेऊ. सोमवारी मी माल प्रयोगशाळेत..."

"सोमवारपर्यंत किती घरांत बिस्किटं होतील?"

आत्याने गल्ल्यावरचा फोन ओढला आणि मुलीचा नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली. परत फिरवला. परत वाजत राहिली. तिसऱ्यांदा फिरवताना तिचं बोट चुकलं आणि मी तिच्या हातातून फोन घेतला. कुणीच उचलत नव्हतं.

निघता निघता तिने भिंतीजवळचा पुठ्ठा घेतला, जाड पेनाने लिहिलं, 'बिस्किट मसाला खाऊ नका. विषारी असू शकतो. पाकीट परत आणा. चूक माझी,' आणि खाली स्वतःचं नाव. मालकांनी तो वाचला. त्यांचा चेहरा लाल झाला होता, मला वाटलं आता फाडतील. त्यांनी पेन घेऊन शेवटची ओळ आणि नाव खोडलं.

"दुकान माझं आहे," ते म्हणाले. "तुम्ही पोरीकडे जा. पाच-सात फळं बरोबर न्या. डॉक्टरला दाखवायला लागतील." आणि पुठ्ठा घेऊन स्वतः दारात गेले.

ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर. पहिल्या मजल्याच्या वळणावरच मला बिस्किटांचा वास आला. ताज्या, भट्टीतून नुकत्याच निघालेल्या बिस्किटांचा, लोण्याचा, दालचिनीचा. इतका छान वास, की माझ्या तोंडाला पाणी सुटलं. आत्या पुढे चढत होती. तिला काही कळत नव्हतं. मी सांगितलं नाही. उरलेले दोन जिने मी तो वास एकटीने सोसला.

दार ताईने उघडलं. हाताला पीठ. "अरे, दोघी? फोन वाजत होता, पण हात भरलेले म्हणून... काय झालं?"

"खाल्लं का तिने?" आत्या ओरडली. "ठकूने खाल्लं का?"

ठकू टेबलाशी बसली होती. समोर बशी, बशीत बिस्किटांचा चुरा. शेजारी रिकामा पेला, त्याच्या तळाशी तपकिरी साका. मसाल्याचं दूध.

"कधी दिलंस?"

"सकाळपासून दोनदा घेतलं. तिला आवडतं म्हणून जरा जास्तच घातला मसाला. आई, काय झालंय?"

आत्याने सांगितलं. मी तोपर्यंत ठकूकडे पाहत होते. एरवी घर डोक्यावर घेणारी पोर, पण आता काही वेगळंच चाललं होतं. पाय सारखे हलत होते, ती स्वतःची बोटं चावत होती, दाराचा आवाज झाला तरी किंचाळत होती. ताई म्हणाली, "सकाळपासून अशीच किरकिर करतेय. मला वाटलं झोप झाली नाही." आणि तेवढ्यात ठकूने टेबलावरच उलटी केली.

रिक्षात ती ताईच्या मांडीवर होती. दवाखान्याच्या फाटकाशी तिचं अंग ताठ झालं आणि डोळे वर गेले. ताईने जी किंकाळी फोडली ती मला आजही ऐकू येते. आकडी मिनिटभराचीच होती, पण त्या मिनिटात आत्या रिक्षाचा दांडा धरून बसली होती आणि एकच वाक्य म्हणत होती, "मी ठीक म्हणाले. मी ठीक म्हणाले."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "काय खाल्लं?" आत्याने मूठ उघडली. घामाने ओली झालेली फळं तळव्यावर होती, टोकं रुतून हाताला रक्त आलं होतं. तिने एका दमात सगळं सांगितलं, कुठलं फळ, किती प्रमाण, किती चमचे, कधी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे आणलंत ते बरं केलंत. नाहीतर आम्ही फेफरं समजून भलतीकडेच शोधत बसलो असतो." आणि आत निघून गेल्या.

बाकावर आम्ही तिघी. पाऊण तासाने ताईने विचारलं,

"तुला माहीत होतं, वास येत नाही ते?"

"हो."

"आणि तरी?"

"तरी."

"तू जा इथून," ताई म्हणाली. आवाज अजिबात न चढवता. "आई, मला तू आत्ता इथे नकोयस."

मला वाटलं आत्या कोसळेल. ती उठली, एप्रन अजून अंगावरच होता, तो नीट केला आणि मला म्हणाली, "तू थांब हिच्याजवळ. मी घड्याळवाल्यांकडे जाते."

घड्याळवाले म्हणजे एक म्हातारे गृहस्थ, एकटे राहायचे, घड्याळं दुरुस्त करायचे. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. रोज दोन वेळा दुधात मसाला, जेवण टळेल पण ते नाही. आत्याने दार वाजवलं, उत्तर नाही. शेजाऱ्याला बोलावून दार उघडायला लावलं. ते स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेले होते. शुद्ध होती, पण हातपाय उडत होते, बोलता येत नव्हतं. आतल्या खोलीत पंधरा-वीस घड्याळं टिकटिकत होती. ते आदल्या संध्याकाळपासून तसेच होते. आणखी एक दिवस कुणी आलं नसतं तर काय, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

त्या दोन दिवसांत मालक आणि पाकिटं भरणाऱ्या बायका गल्लोगल्ली फिरल्या. एकूण नऊ जण आजारी पडले. सगळे वाचले. ठकू तिसऱ्या दिवशी घरी आली आणि पहिल्याच तासात तिने फुलदाणी फोडली. ताई फुलदाणीचे तुकडे गोळा करत रडत होती. घड्याळवाल्यांचा उजवा हात मात्र त्यानंतर थोडा कापायचा. बारीक काटे बसवणं त्यांनी सोडून दिलं. ते आत्याला रस्त्यात भेटले की थांबून बोलायचे, तब्येत विचारायचे. ती मात्र लांबूनच त्यांना पाहून दुसऱ्या गल्लीत शिरायची.

चौकशी झाली. नव्या व्यापाऱ्यालाही फरक माहीत नव्हता, त्याने जसं आलं तसं पोतं पुढे पाठवलं होतं. मालकांनी आत्याला काढलं नाही. ती स्वतःच गेली. निघायच्या दिवशी तिने त्या पाकिटं भरणाऱ्या बाईला मागच्या खोलीत बसवलं, एकेक बरणी तिच्यासमोर उघडली आणि सगळी वजनं लिहून दिली. "तुला कापूर वाटला तर कापूर म्हणायचं," ती म्हणाली. "समोर कुणीही असो."

काका त्या काळात एकदाच मला म्हणाले, "चाळीस वर्षं एका घरात राहतोय. मला कळायला हवं होतं ना गं?"

पुस्तक दीड वर्षाने आलं. त्यात 'बिस्किट मसाला' हा शब्द एकाही कृतीत नव्हता. प्रत्येक मसाला वेगळा, त्याचं वजन, आणि खाली तो पारखायची रीत. प्रकाशक म्हणाला, एवढं कोण वाचणार? आत्या म्हणाली, नाही वाचलं तर नाही, पण काढायचं नाही. वास तिचा पुरता कधीच परतला नाही. जो आला तो उलटासुलटा आला. लवंगेला तिला जळक्या रबराचा वास यायचा.

ताईने तिला घरी बोलावायला वर्ष लावलं. आणि ठकूने हट्ट करून तिला स्वयंपाकघरात न्यायला आणखी दोन. ठकू तेव्हा सात वर्षांची होती. आजीच्या पुस्तकातला आल्याचा केक करायचा म्हणून तिने सगळं मांडून ठेवलं होतं. आत्या उंबऱ्याच्या आत येईना. दारातूनच वजनं सांगत राहिली, मी आणि ठकूने केक केला. भाजून झाला, निवला, ताईने सुरी घेतली.

"थांब," आत्या म्हणाली. आत आली, पहिला तुकडा स्वतः कापून घेतला, उभ्या उभ्या खाल्ला आणि बशी बाजूला सरकवली. "आता तासभर कुणी हात लावायचा नाही."

"आई, सगळं मी दहादा बघून आणलंय," ताई म्हणाली.

"तासभर."

कुणी वाद घातला नाही. ताईने सुरी खाली ठेवली. आम्ही चौघी टेबलाभोवती बसलो, मध्ये तो केक. आत्याने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले होते, बोटं थरथरतात का ते सगळ्यांना दिसावं म्हणून, आणि आम्ही तिच्या बोटांकडे पाहत होतो.

"आजी, झाला का तास?" ठकूने विचारलं.

"अजून दहा मिनिटं," आत्या म्हणाली.